समान मूल्याचे काम, समान वेतन : आंतरराष्ट्रीय धोरणकार्यातील उमेदवारी

समाजकार्य, अर्थशास्त्र, कायदा किंवा कामगार कल्याण या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आज एका अशा उमेदवारीचा मार्ग खुला आहे, की जी मागील पिढीत फार थोड्यांना ठाऊक होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्था यांच्या कार्यालयांत काही महिने राहून, स्त्री-पुरुषांना रोजगारात समान वागणूक मिळावी यासाठी धोरणे कशी आखली जातात आणि कशी तपासली जातात, याचे प्रत्यक्ष शिक्षण त्यांना घेता येते. ‘इंटर्नशिप’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. तथापि जुन्या कारखान्यांतील ‘उमेदवारी’ हाच शब्द या कामाला अधिक शोभतो. कारण येथेही नवशिक्याला आधी हत्यार हाताळावयास शिकावे लागते, आणि हे हत्यार म्हणजे शब्द होय.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखादी विद्यार्थिनी जेव्हा अशा कामाची कल्पना करते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे जिनिव्हातील भव्य सभागृह आणि राष्ट्रांचे ध्वज उभे राहतात. प्रत्यक्षात उमेदवाराच्या वाट्याला येते ते बहुधा कागदपत्रांचे वाचन. एखाद्या देशाच्या सरकारचा अहवाल, त्यावर कामगार संघटनांनी आणि मालक संघटनांनी पाठविलेली मते, आणि मागील खेपेस विचारलेले प्रश्न ही सर्व कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून कोणत्या प्रश्नाचे उत्तर आले आहे, कोणत्याचे आलेले नाही आणि कोणत्याला बगल देण्यात आली आहे, हे शोधावयाचे असते. काम कंटाळवाणे खरे. परंतु त्या वाचनातील दोन शब्दांच्या भेदावर उपनगरातील हजारो स्त्रियांच्या वेतनाचा प्रश्न अवलंबून आहे.

वॉशिंग्टनपासून दिल्लीपर्यंत

या कार्याशी मुंबईचा संबंध शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली. तिची पहिली परिषद त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन येथे भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. ते मूळचे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे; उपनगरातील गोरेगाव ते हे नव्हे. मुंबईत १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली होती आणि गिरणगावातील कामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. त्या पहिल्याच परिषदेत बाळंतपणातील संरक्षणाचा आणि स्त्रियांच्या रात्रपाळीविषयीचा, असे स्त्री-कामगारांसंबंधीचे दोन करार संमत झाले.

बाळंतपणाच्या कराराचे भारताने अनुसमर्थन केले नाही, म्हणजे तो आपणास बंधनकारक म्हणून स्वीकारला नाही. तरीही त्यातील विचार येथे पोचल्यावाचून राहिला नाही. मुंबई विधान परिषदेत १९२८ साली प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा ठरला.

वेतनातील समानतेचा करार मात्र बराच उशिरा आला. १९५१ साली संमत झालेला करार क्रमांक १०० समान मूल्याच्या कामाबद्दल स्त्री-पुरुष कामगारांना समान मोबदला द्यावा, असे सांगतो. मोबदला या शब्दात मूळ वेतनाबरोबरच रोख अथवा वस्तुरूपाने मिळणारे सर्व लाभ त्याने धरले आहेत. भारताने त्याचे अनुसमर्थन २५ सप्टेंबर १९५८ रोजी केले. रोजगार व व्यवसायातील भेदभावाविरुद्धच्या करार क्रमांक १११ चे अनुसमर्थन १९६० साली झाले. त्यानंतर देशात कायदा होण्यास बरीच वर्षे जावी लागली, ही गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. फूलरेणु गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्त्रियांच्या दर्जाविषयीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस पूर्ण केला. मुंबईच्या कामगार पुढारी मणिबेन कारा या समितीच्या सदस्य होत्या. पुढचे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्या वर्षी २६ सप्टेंबरला समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ साली समान वेतन अधिनियम अस्तित्वात आला.

या अधिनियमातील एक तरतूद विशेष दूरदर्शीपणाची होती. समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन खाली आणता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुरुषांचा दर उतरवून हिशेब जुळविण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली.

कागदाचा प्रवास

कराराचे अनुसमर्थन केले की सरकारवर अहवाल देण्याचे बंधन येते. करार क्रमांक १०० आणि १११ हे मूलभूत करारांत गणले जात असल्याने त्यांवरील अहवाल साधारणतः दर तीन वर्षांनी पाठवावा लागतो. राज्यांकडून आलेली माहिती केंद्रीय श्रम मंत्रालय एकत्र करते, अहवालाची प्रत देशातील प्रातिनिधिक कामगार व मालक संघटनांना देते आणि तो जिनिव्हाला रवाना करते. तेथे निरनिराळ्या देशांतील कायदेपंडितांची तज्ज्ञ समिती वर्षाच्या अखेरीस तो तपासते. ही समिती १९२६ सालापासून काम करीत आहे. तिला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. ती प्रश्न विचारते, उत्तर अपुरे असल्यास पुन्हा विचारते, आणि तिची निरीक्षणे छापून जगापुढे ठेवली जातात. जूनमध्ये भरणाऱ्या वार्षिक परिषदेत त्यांपैकी निवडक प्रकरणांवर चर्चा होते.

उमेदवाराचे स्थान या प्रवासाच्या दोन्ही टोकांना असू शकते. जिनिव्हात अथवा संघटनेच्या नवी दिल्लीतील कार्यालयात (हे कार्यालय १९२८ सालापासूनचे आहे) ती आलेले कागद वाचते. दुसऱ्या टोकाला, एखाद्या कामगार संघटनेत किंवा संशोधन केंद्रात, तिला जाणाऱ्या कागदांसाठी माहिती गोळा करावी लागते. हे दुसरे टोक अधिक अवघड आहे, असेच म्हणावे लागेल. वस्तीतील एखाद्या लहान कारखान्यात स्त्रिया किती, पुरुष किती, कोण कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या दराने, ही माहिती जर पहिल्याच पायरीवर गोळा झाली नाही, तर ती पुढे कोणत्याही अहवालात उतरणार नाही.

दोन निकाल, एकच प्रश्न

आता त्या दोन शब्दांकडे वळणे योग्य होईल. आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३९ समान कामाबद्दल समान वेतन सांगतो. १९७६ च्या अधिनियमाने ‘तेच काम किंवा समान स्वरूपाचे काम’ अशी शब्दयोजना केली. आंतरराष्ट्रीय करारात ‘समान मूल्याचे काम’ असे शब्द आहेत. वरवर पाहता हे एकच वाटते. तथापि समान स्वरूपाचे काम म्हणजे एकसारखे दिसणारे काम. समान मूल्याच्या कामात मात्र अगदी भिन्न दिसणारी दोन कामेही येऊ शकतात, जर त्यांना लागणारे कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती यांचा एकूण भार सारखा असेल.

या भेदाचे महत्त्व समजण्यासाठी मुंबईतील दोन प्रकरणे पाहावीत. पहिले प्रकरण हवाईसुंदरींचे. अंधेरीलगतच्या विमानतळावरून उड्डाण करणाऱ्या एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना त्या काळच्या नियमांनुसार पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्या गर्भारपणी सेवेतून निवृत्त व्हावे लागे. त्याच विमानात काम करणारे पुरुष कर्मचारी अठ्ठावन्न वर्षांपर्यंत सेवेत राहत. नर्गेश मिर्झा व इतरांच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गर्भारपणाची अट रद्द केली, तसेच पस्तिशीनंतरची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारी तरतूदही रद्द केली. परंतु स्त्री-कर्मचारी आणि पुरुष कर्मचारी हे दोन निराळे संवर्ग आहेत, त्यांची भरती निराळी आणि बढतीचा मार्ग निराळा, असे न्यायालयाने मानले. त्यामुळे तुलनेचा प्रश्न तेथेच थांबला. या सेवाशर्तींतील फरक लिंगावर आधारित नाही, अशी घोषणा समान वेतन अधिनियमाखाली केंद्र सरकारने १९७९ सालीच केलेली होती.

दुसरे प्रकरण मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीतील लघुलेखिका ऑड्री डिकॉस्टा यांचे. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करणाऱ्या लघुलेखिकांचा वर्ग निराळा आहे, त्यात पुरुषच नाहीत आणि वेतनाबाबत कामगार संघटनेशी करार झालेला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. आर्थिक अडचणीचे कारणही तिने पुढे केले. मुंबईच्या कामगार उपायुक्तांनी अपिलात लघुलेखिकेची बाजू ग्राह्य धरली आणि ऑक्टोबर १९७५ ते जून १९७७ या काळातील फरकापोटी ७,१९६ रुपये ६७ पैसे देण्याचा आदेश दिला. रक्कम लहान होती. प्रकरण मात्र उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे मार्च १९८७ मध्ये निकाल लागला. एखाद्या जागी केवळ स्त्रियाच नेमल्या आहेत याचे कारण व्यवस्थापनाने त्या तेथे नेमल्या हेच होय. म्हणून तो वर्ग निराळा ठरत नाही, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय आहे. संघटनेशी झालेला करार अथवा मालकाची आर्थिक स्थिती कायद्याच्या आड येऊ शकत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. भेदभावाची तक्रार असेल तेथे प्रथम कामाचे योग्य मूल्यमापन व्हावे, असेही न्यायालयाने नमूद केले.

पहिल्या प्रकरणात निराळे नाव आणि निराळा संवर्ग टिकला. दुसऱ्यात टिकला नाही. दुसऱ्या प्रकरणात तुलनेसाठी शेजारच्या टेबलावर तेच टंकयंत्र वापरणारा पुरुष लघुलेखक होता, हे लक्षात घेतले पाहिजे. तो नसता तर काय झाले असते, हा खरा प्रश्न आहे.

जेथे तुलनेला पुरुषच नाही

उपनगरात अशी कामे विपुल आहेत. अंधेरी पूर्वेस मरोळ येथे १९७३ साली निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे खास क्षेत्र उभे राहिले. ते ‘सीप्झ’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या नावात सांताक्रूझ आहे, जागा मात्र अंधेरीची आहे. तेथील सूक्ष्म जोडणीच्या कामावर आरंभीच्या दशकांत प्रामुख्याने तरुण मुली घेतल्या जात. बोटे नाजूक आणि हात चपळ, म्हणून मुली बऱ्या, असे त्याचे कारण सांगितले जाई. गंमत अशी की, हेच कौशल्य भरतीच्या वेळी गुण म्हणून मोजले जाई आणि वेतन ठरविताना निसर्गाची देणगी म्हणून बाजूला ठेवले जाई. औषध कारखान्यांतील वेष्टन विभागांची कथाही वेगळी नव्हती. मुंबईच्या अशाच एका विभागातील मुलींना विवाह होताच नोकरी सोडावी लागे. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच अवाजवी ठरविला होता.

अंगणवाडी सेविकेचे उदाहरण पंचायत सदस्यांना अधिक जवळचे वाटेल. ती मुलांचे वजन घेते, आहार देते, नोंदवह्या ठेवते, गर्भवतींच्या घरी जाते. या पदावर पुरुष नसतोच. तिला जे मिळते त्याला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. शब्दात मान आहे, पण वेतनाचे हक्क त्यातून आपोआप येत नाहीत. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, हे ठरण्यास २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. ‘तेच किंवा समान स्वरूपाचे काम’ या कसोटीवर तिची तुलना कोणाशी करणार? ‘समान मूल्य’ ही कसोटी लावली, तर दुसऱ्या एखाद्या खात्यातील पुरुष क्षेत्र-कर्मचाऱ्याच्या कामाशी तिच्या कामाची तुलना करता येते.

ही तुलना करण्याची रीत उमेदवाराला शिकविली जाते. उदाहरणार्थ, मुलुंडमधील एखाद्या गृहनिर्माण संस्थेत दारावर पहारेकरी असतो आणि जिने झाडणारी बाई असते. दोघांच्या कामाचे चार भाग पाडावयाचे. कौशल्य: पहारेकऱ्याला नोंदवही लिहावी लागते, सफाई करणारीला रसायनांचा वापर माहीत असावा लागतो. श्रम: त्याला बारा बारा तास जागावे लागते, तिला मजल्यामागून मजले वाकून झाडावे लागतात, बादल्या वाहाव्या लागतात. जबाबदारी: त्याच्याकडे दार, तिच्याकडे आरोग्य. परिस्थिती: एकाला रात्रीची थंडी आणि पाऊस, दुसरीला घाण आणि जंतू. प्रत्येक भागाला गुण द्यावयाचे, आणि ते देताना काम करणाऱ्याचे लिंग झाकून ठेवावयाचे. एकूण गुण कमीअधिक येतील. कोणते काम वरचढ हे आधी गृहीत धरावयाचे नाही. नवशिक्याची चूक होते ती येथेच. ओझे उचलण्याचे श्रम त्याला चटकन दिसतात. तासन्‌तास एकाच स्थितीत बसण्याचे किंवा रुग्णाचे रागलोभ सोसण्याचे श्रम त्याच्या तक्त्यात येतच नाहीत.

यात आणखी एक अडचण आहे. पहारेकरी एका एजन्सीचा आणि सफाई करणारी दुसऱ्या कंत्राटदाराची असेल, तर मालक दोन झाले. आपल्या कायद्यातील तुलना एकाच मालकाच्या कामगारांपुरती आहे. तज्ज्ञ समितीचे मत असे की, तुलनेचे क्षेत्र होईल तितके व्यापक असावे. भारताच्या कायद्यातील शब्दयोजना कराराहून संकुचित आहे, याकडेही समितीने अनेक वर्षे वारंवार लक्ष वेधले आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अमलात आली आणि १९७६ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला. संहितेने स्त्री आणि पुरुष असा उल्लेख न करता लिंगाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे, त्यामुळे तृतीयपंथीयांनाही तिचे संरक्षण लाभते. हे पाऊल निःसंशय पुढचे आहे. ‘तेच किंवा समान स्वरूपाचे काम’ ही शब्दयोजना मात्र कायम राहिली आहे. म्हणजे उमेदवाराच्या टेबलावरचा जुना प्रश्न नव्या कायद्याच्या नावाने पुन्हा येणार.

राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांनाही या विचाराचा उपयोग आहे. किमान वेतन ठरविताना ज्या उद्योगात स्त्रियांची संख्या मोठी, त्याचा दर केवळ त्या कारणाने खाली राहू नये, हे पाहणे त्यांच्या हाती असते. महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेत या बाबतीत एक मार्ग घालून दिला होता. १९७७ चा कायदा जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यातील मजुरी कामाच्या मापावर होती, ती स्त्री व पुरुष यांना एकाच दराने मिळे. गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, ही शेतीतील जुनी रीत तेथे मोडली. खणणे पुरुषाने आणि माती वाहणे बाईने अशी वाटणी झाली की, दोहोंची मापे कशी ठरवावयाची हा प्रश्न मात्र तेथेही उरत असे.

पात्रता, खर्च आणि तयारी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेतील उमेदवारी सामान्यतः तीन ते सहा महिन्यांची असते आणि ती पदव्युत्तर शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यातील किंवा ते नुकतेच पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश यांपैकी निदान एका भाषेत काम करता आले पाहिजे. अन्य ठिकाणाहून आर्थिक साहाय्य नसलेल्या उमेदवाराला ही संघटना निर्वाहभत्ता देते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील उमेदवारी मात्र विनावेतन आहे. समान वेतनाचा विचार जगाला सांगणाऱ्या व्यवस्थेत काही उमेदवार पदरमोड करून राबतात, ही विसंगती लपण्यासारखी नाही. घाटकोपरच्या चाळीतील मुलीला जिनिव्हाचा किंवा न्यूयॉर्कचा खर्च झेपणार नाही, हे उघड आहे.

म्हणूनच घराजवळच्या उमेदवारीचे महत्त्व अधिक. देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत क्षेत्रकार्य हा समाजकार्याच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली स्त्रीविषयक संशोधन केंद्र सुरू झाले, आणि स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ साली याच विद्यापीठात भरली. अशा संस्थांतून, कामगार संघटनांतून किंवा घरकामगार स्त्रियांच्या संघटनांतून घेतलेला अनुभव अर्जात मोलाचा ठरतो.

येथे मराठीचे ज्ञानही उपयोगी पडते. ‘तुमच्या कामाचे मूल्य काय?’ असे विचारले, तर कारखान्यातील बाई मजुरीचा आकडा सांगेल. ‘नवी मुलगी हे काम शिकायला किती दिवस घेते? चुकले तर कोणाला बोल लागतो? संध्याकाळी काय दुखते?’ असे विचारले, तर कौशल्य, जबाबदारी आणि श्रम या तिन्ही रकान्यांची माहिती मिळते. इंग्रजीत उत्तम अहवाल लिहिणाऱ्या अनेकांना हे प्रश्न विचारता येत नाहीत.

शिक्षकांनी शिफारसपत्र देताना विद्यार्थिनीने प्रत्यक्ष कोणती माहिती गोळा केली आणि कशी, हे लिहावे. नुसत्या गुणांच्या यादीने निवड करणाऱ्यास काही कळत नाही. विद्यार्थिनी माहितीसाठी कार्यालयात आल्यास अधिकाऱ्यांनी तिला राजपत्रातील किमान वेतनाच्या अधिसूचना दाखवाव्यात; त्या सर्वांसाठी खुल्या आहेत. आस्थापनांच्या नोंदवह्या पाहण्यासाठी परवानगी लागते आणि कामगारांची नावे टिपणात घ्यावयाची नाहीत, हे तिला आरंभीच सांगितलेले बरे. पदाचे नाव, कामाचे थोडक्यात वर्णन, स्त्रिया किती, पुरुष किती आणि दर काय, एवढी माहिती १९७६ च्या अधिनियमाखालील नियमांतही एका नमुन्यात भरावी लागत असे. बहुतेक तुलनांना तेवढी पुरते. कामाच्या वर्णनाचा रकाना मात्र ‘मदतनीस’ एवढ्या एकाच शब्दावर सोडलेला नसावा.